वाळूच्या कुशीतील तळे

पेरू म्हटले की मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम फळ उभे राहते. परंतु पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, याच नावाचा एक मोठा देश आहे. निसर्गाने या देशाचे तीन उभे पट्टे पाडले आहेत. पूर्वेला ॲमेझॉनच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य, मध्ये अँडीज पर्वताची हिमाच्छादित शिखरे, आणि पश्चिमेला पर्वत व समुद्र यांच्यामध्ये सापडलेली एक चिंचोळी किनारपट्टी. नवलाची गोष्ट अशी की, जेथे समुद्र शेकडो कोस दूर आहे त्या अरण्यात पाऊस थांबता थांबत नाही. आणि जेथे समुद्र प्रत्यक्ष पायाशी लोळण घेतो, त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही.

या विसंगतीचे कारण समुद्रातच दडलेले आहे. दक्षिणेकडून येणारा थंड पाण्याचा एक प्रवाह या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०२ साली या पाण्याचे तापमान मोजले, म्हणून त्याचेच नाव या प्रवाहाला मिळाले. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड होते. ती वर चढत नाही. आणि हवा वर चढल्यावाचून पाऊस देणारे ढग तयार होत नाहीत. फार तर धुके दाटते. दुसऱ्या बाजूने, म्हणजे अरण्याकडून, येणारी वाफ अँडीजच्या उत्तुंग भिंतीला अडते आणि पलीकडेच आपला भार उतरवते. असे दोन्ही दरवाजे बंद झाल्यामुळे किनाऱ्याची ही भूमी तहानलेलीच राहिली.

पेरूची राजधानी लिमा. तेथून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग या तहानलेल्या भूमीतून जातो. प्रवासी बसच्या खिडकीशी बसतो, तेव्हा एका बाजूला त्याला निळा समुद्र दिसतो व दुसऱ्या बाजूला पिवळी वाळू. मधूनच अँडीजवरून उतरलेली एखादी नदी आडवी येते, आणि क्षणार्धात सारे दृश्य पालटते. कापूस, मका, द्राक्षांचे मांडव, आंब्याची झाडे! नदी ओलांडली की पुन्हा वाळू. जेथे नदी तेथे हिरवे, जेथे नदी नाही तेथे पिवळे. मधली छटा या चित्रात नाहीच. सुमारे तीनशे किलोमीटर अंतर तोडल्यावर अशाच एका नदीकाठचे इका हे शहर येते. स्पॅनिश लोकांनी ते १५६३ साली वसवले. द्राक्षांसाठी ते प्रसिद्ध आहे.

इकाच्या बसथांब्यावर उतरताच मराठी माणसाला क्षणभर आपल्या गावी आल्याचा भास व्हावा. कारण समोर उभ्या असतात तीन चाकांच्या रिक्षा! तेथे त्यांना मोटोटॅक्सी म्हणतात. त्यांतील कित्येकींवर बजाज हे पुण्याच्या कंपनीचे नाव असते. अशा एखाद्या रिक्षाने निघावे, तर शहराची घरे मागे पडतात, वाळूच्या टेकड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात, आणि पाच किलोमीटरांच्या आतच रस्ता जणू त्या टेकड्यांच्या ओंजळीत उतरतो. त्या ओंजळीच्या तळाशी एक तळे आहे. त्याचे नाव हुआकाचिना.

वाळवंटात जेथे पाणी वर येते आणि त्याच्या आधाराने झाडे वाढतात, त्या स्थानाला मरूद्यान म्हणतात. पुस्तकात हा शब्द वाचताना जे चित्र मनात येते, ते येथे जसेच्या तसे उभे आहे. मध्यभागी हिरवट पाण्याचे लहानसे तळे. काठाने ताड-खजुरीच्या जातीची उंच झाडे. त्यांच्या मागे जुन्या धाटणीच्या बैठ्या इमारती. आणि त्या साऱ्यांच्या माथ्यावर वाकून पाहणाऱ्या वाळूच्या टेकड्या. त्यांतील कित्येक शंभर मीटरांहून उंच आहेत. गावात कायम राहणारी माणसे शंभराच्या आसपास. परंतु पाहुण्यांची वर्दळ बाराही महिने असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धनिक कुटुंबे येथे स्नानासाठी येत. या पाण्यात रोग बरे करण्याचा गुण आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे या तळ्याला देशाच्या चलनावरही स्थान मिळाले. १९९१ च्या मालिकेतील पन्नास सोलच्या नोटेच्या मागील बाजूवर हुआकाचिनाचेच चित्र होते.

तळ्याविषयी एक दंतकथा सांगतात. एक राजकन्या होती. तिचा प्रियकर युद्धात मारला गेला. ती रानात बसून रडू लागली. तिच्या हातात आरसा होता. त्यात तिला मागून येणारा एक शिकारी दिसला. घाबरून ती धावत सुटली. आरसा हातून निसटला आणि त्याचे तळे झाले. तिच्या वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्राच्या चुण्या झाल्या, त्याच या टेकड्या. राजकन्या तळ्यात शिरली ती कायमचीच, आणि चांदण्या रात्री ती मत्स्यकन्येच्या रूपाने वर येते. तेथील मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेत या नावाचा संबंध रडण्याशी जोडतात. ज्या प्रदेशात आकाश कधी रडत नाही, तेथील लोकांनी पाण्याचा उगम एका मुलीच्या डोळ्यांत शोधावा, हे किती स्वाभाविक आहे!

आजचा पाहुणा मात्र स्नानासाठी येत नाही आणि दंतकथेसाठीही नाही. तो येतो वाळूवर घसरण्यासाठी. पाठीवर भलीमोठी पिशवी, पायांत झिजलेले जोडे, खिशात मोजके पैसे आणि मनात अवघे जग, अशा वेषात देशोदेशींचे तरुण येथे उतरतात. एक-दोन रात्री स्वस्त निवासात काढतात, वाळूत मनसोक्त खेळतात आणि पुढच्या गावाची बस धरतात. कोणाला विचारले, तर तो म्हणतो, वाटेतला एक मुक्काम! अशाच वाटेतल्या मुक्कामाला उत्तरेकडील एका बर्फाळ देशाचा, विशीच्या आतबाहेरचा एक तरुण येऊन पोहोचला. स्पॅनिश भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती, आणि आत्मविश्वास मात्र अस्खलित होता.

दुपार कलली. माध्यान्ही वाळू इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही. म्हणून घसरण्याचा खेळ सकाळी तरी चालतो, नाही तर दिवस उतरल्यावर. नळ्यांचा सांगाडा, रुंद चाके आणि छपराऐवजी लोखंडी गज, अशा एका वाळूगाडीत सात-आठ पाहुणे बसले. चालक पन्नाशीचा, सावळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याच्या शेजारी त्याची बारा वर्षांची पुतणी बसली होती. गाडी गर्जना करीत टेकडीवर चढली, माथ्यावरून खाली झेपावली, पुन्हा चढली. पाहुण्यांच्या किंकाळ्या आणि हसणे एकमेकांत मिसळून गेले. अखेर एका उंच धारेवर गाडी थांबली.

चालकाने फळ्या वाटल्या. लाकडाची लांबट फळी, वर पाय अडकवण्यासाठी दोन पट्टे, खालची बाजू गुळगुळीत. फळीबरोबर मेणाचा एकेक तुकडा हाती आला. फळीच्या तळाला मेण नीट चोळावे लागते. एरवी वाळू फळीला धरून ठेवते.

“पहिल्यांदा पोटावर झोपून घसरा,” चालक सर्वांना म्हणाला. “कोपरे अंगाशी घ्या. तोंड मिटा. वेग फार वाटला, तर पायांचे चवडे वाळूत टेकवा. उभे राहण्याची घाई नको.”

“मी चालायला शिकलो, तेव्हापासून बर्फावर घसरतो आहे,” तो तरुण हसून म्हणाला. त्याने मेण ओझरते फिरवले, पट्ट्यांत पाय अडकवले आणि उभ्यानेच धारेवरून झेप घेतली.

दहा-वीस हात तो ऐटीत गेला. मग सवयीप्रमाणे त्याने अंग एका बाजूला झुकवले. बर्फावर असे झुकताच फळीची कड रुतते आणि वळण मिळते. येथे कड रुतली, वळण मात्र मिळाले नाही. फळीचे टोक वाळूत घुसले, आणि तो कोलांट्या खात निम्म्या उतारावर जाऊन पडला. डोळे, कान, दात, केस सारे वाळूने भरले. माथ्यावर हशा पिकला. चालक हसला नाही.

“बर्फ तुझ्या ओळखीचा असेल, पोरा,” तरुण धापा टाकीत वर आल्यावर तो म्हणाला. “वाळूची ओळख अजून व्हायची आहे.”

वर येणे हीदेखील एक परीक्षाच होती. वाळूत दोन पावले चढावे, तर एक पाऊल माणूस मागे घसरतो. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ, निसरडा थर असतो. फळी त्यावरून धावते. वाळूला असा थर नाही. तिचा प्रत्येक कण कोरडा आणि खरखरीत. तो फळीशी घासतो. बर्फाळ देशातील ते कौशल्य येथे जसेच्या तसे चालणार नव्हते.

तरुण पुन्हा धारेवर उभा राहिला, तेव्हा मघाचा उतार त्याला वेगळाच दिसला. पहिल्या वेळी तो फक्त उतार होता. आता ती उभी भिंत होती. त्याचे गुडघे थरथरत होते, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो फळी पुसल्यासारखे करीत होता. चालकाच्या पुतणीच्या ते ध्यानात आले. ती त्याच्यापाशी येऊन म्हणाली, “मेण पुन्हा लावा. दर खेपेला लावावे लागते. टोकाकडे जास्त लावा.” आणि मग तिने स्वतःची फळी टाकली, उभी राहिली, आणि अंगाला हिसका न देता, भार मागच्या पायावर ठेवून, नदीच्या पाण्यासारखी संथ वळणे घेत तळाशी जाऊन पोहोचली. तेथून तिने हात हलवला.

तरुणाने फळीवर दोनदा मेण चोळले. या वेळी तो मुकाट्याने पोटावर झोपला, कोपरे जवळ घेतली, तोंड मिटले. चालकाने फळी हलकेच ढकलली. क्षणभर काहीच घडले नाही. मग धार मागे गेली, आणि वाळू त्याच्या हनुवटीखालून सूं सूं करीत मागे धावू लागली. वारा कानांत घुमला. पोटात खोल खड्डा पडला. तळे, झाडे, आकाश एका सोनेरी रेघेत विरघळून गेले. ओरडावे असे वाटत होते. परंतु तोंड मिटलेले असल्यामुळे तो आनंद आतल्या आतच दुमदुमत राहिला. उतार संपला, फळी आपोआप मंदावली आणि थांबली. तो उताणा होऊन हसू लागला. भीती कोठे गेली, हे त्याला कळले नाही. तो पुन्हा चढू लागला. त्या संध्याकाळी तो सात वेळा चढला.

ज्या टेकडीवर हा खेळ चालतो, ती टेकडीही स्वस्थ बसलेली नसते. दिवसा समुद्राकडून वारा येतो. तो वाळूचे कण उचलतो, थोड्या अंतरावर टाकतो. पडणारा कण दुसऱ्या कणांना उडवतो. अशा बेडूकउड्या मारीत वाळू टेकडीच्या सौम्य बाजूने वर चढते आणि माथ्यावरून पलीकडच्या उभ्या बाजूवर पडते. कोरड्या वाळूचा ढीग एका ठरावीक उतारापर्यंतच तग धरतो. हा कोन साधारण तेहतीस-चौतीस अंशांचा असतो. त्याहून उतार वाढला की वाळू आपण होऊन खाली घसरते आणि तोल सावरते. माणूस घसरण्यासाठी जी बाजू निवडतो, ती नेमकी हीच. म्हणजे माणसाच्या आधी, आणि माणसाशिवाय, वाळू स्वतःच तेथे घसरगुंडी खेळत असते! राल्फ बॅग्नल्ड या इंग्रज सैनिकी अभियंत्याला आफ्रिकेच्या वाळवंटात हिंडताना या खेळाचे वेड लागले. त्याने वाळूचे कण आणि वारा यांवर प्रयोग केले, मापे घेतली आणि १९४१ साली त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही वाळूचा अभ्यास करणारे त्या ग्रंथाकडे वळतात.

सूर्य मावळला. पाहुणे तळ्याकाठी परतले. तरुणाने जोडे काढून झटकले, तेव्हा प्रत्येकातून मूठभर वाळू निघाली. चालक आणि त्याची पुतणी काठावरच बसली होती. तोही त्यांच्यापाशी जाऊन बसला. तळ्याच्या पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे लांबत होती.

“केवढे नवल आहे!” तरुण म्हणाला. “एवढ्या वाळवंटात हे पाणी जमिनीतून आपण होऊन वर येते.”

चालक काही वेळ बोलला नाही. मग त्याने काठावरच्या पायऱ्यांकडे बोट दाखवले. “मी या मुलीएवढा होतो, तेव्हा त्या वरच्या पायरीवरून पाण्यात उडी मारीत असे. आपण होऊन येत असे, ते तेव्हा. आता पाणी नळाने आणून सोडतात.”

तरुणाने पायरीकडे पाहिले. पाणी तिच्यापासून पुष्कळच दूर होते.

चालकाने जे सांगितले, ते सगळे तरुणाला त्या रात्री समजले असे नाही. त्यामागील कारण असे. हुआकाचिनाचे तळे म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची एक खिडकी होती. अँडीजवर पडणारा पाऊस इका नदीतून खाली येतो. ही नदी वर्षातून थोडेच महिने वाहते. परंतु तिचे पाणी वाळूत व रेतीत मुरते आणि भूमीच्या पोटात साठून राहते. जेथे जमीन खोलगट, तेथे हा साठा उघडा पडतो. अशा खोलगट जागी तळे दिसू लागते. विहीर खणावी लागते. हे तळे निसर्गानेच खणून ठेवले होते. साठ्याची पातळी वर, तर तळे भरलेले. पातळी खाली गेली, तर तळेही खाली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इकाच्या खोऱ्यात शेतीचे रूप पालटले. ॲस्परॅगस नावाची भाजी, म्हणजे आपल्या शतावरीची बहीण, आणि द्राक्षे यांचे विस्तीर्ण मळे वाळवंटात उभे राहिले. पाऊस नसल्यामुळे पिकांवर रोग कमी, ऊन भरपूर, आणि उत्तर गोलार्धात ज्या ऋतूत भाजी मिळत नाही, त्या ऋतूत येथे ती तयार! जगाला ॲस्परॅगस पुरवणाऱ्या प्रमुख देशांत पेरूची गणना होऊ लागली. मळ्यांना पाणी लागले, विहिरी खोल गेल्या. नदी जेवढे पाणी भूमीच्या पोटात भरत होती, त्याहून अधिक उपसा होऊ लागला. हुआकाचिनाजवळच्या जमिनींतही विहिरी झाल्या. तळे आटत चालले. शेवटी २०१५ च्या सुमारास बाहेरून पाणी आणून त्यात सोडण्याचे काम सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१४ साली, तळे आणि भोवतालच्या टेकड्या मिळून एक संरक्षित प्रदेश सरकारने जाहीर केला होता. परंतु कुंपण जमिनीवर घालता येते. जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याला कुंपण घालता येत नाही.

“मग विहिरी बंद का करीत नाहीत?” तरुणाने विचारले.

या प्रश्नाला उत्तर दिले ते मुलीने. “माझी आई द्राक्षांच्या मळ्यात कामाला जाते,” ती म्हणाली. “मळा बंद झाला, तर ती कोठे जाईल?” आणि मग थोडे थांबून तिने चुलत्याला विचारले, “काका, माझ्या जन्मानंतर तीन वर्षांनी नळ आला. म्हणजे मी पाहिले ते तळे खरे, की नळाचे?”

चालकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो काही बोलला नाही.

तरुणाला एकाएकी आपल्या गावची बाजारपेठ आठवली. बाहेर बर्फ पडत असताना दुकानात मांडलेल्या हिरव्यागार ॲस्परॅगसच्या जुड्या, आणि त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा एक शब्द: पेरू. आईने त्या जुड्या कितीदा तरी घरी आणल्या होत्या. तो या तळ्याकाठी आज प्रथमच आला होता. परंतु या तळ्याखालचे पाणी मात्र त्याच्या ताटात फार पूर्वीच येऊन गेले होते. हा विचार त्याने बोलून दाखवला नाही. उशिरापर्यंत त्याला झोपही लागली नाही.

या खोऱ्यात पाण्याचा हिशेब माणसांना पूर्वीही करावा लागला आहे. इकाच्या दक्षिणेला नास्का येथे फार प्राचीन काळी जी संस्कृती नांदली, तिने वाळवंटाच्या पृष्ठभागावर अजस्र आकृत्या रेखाटल्या. त्या जगप्रसिद्ध आहेत. परंतु त्याच भागात दगडांनी बांधलेले भुयारी पाट आहेत, आणि त्यांत उतरण्यासाठी गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी विवरे आहेत. खोलातील पाणी उन्हात न आटता शेतापर्यंत पोहोचावे, अशी ती योजना. त्यांतील काही पाट आजही वाहतात. त्याच प्रदेशात हुआरांगो नावाचा काटेरी वृक्ष वाढतो. त्याची मुळे फार खोलवर जाऊन पाणी शोधतात आणि त्यांच्या जाळ्यात माती घट्ट धरून ठेवतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मत मांडले आहे की, प्राचीन काळी इकाच्या खालच्या खोऱ्यातील लोकांनी शेतीसाठी हे वृक्ष तोडले, आणि पुढे मोठा पूर आला तेव्हा उघडी पडलेली जमीन तग धरू शकली नाही. ज्यांनी पाणी जपण्यासाठी भुयारे खणली, त्याच काळातील माणसांच्या हातून जमीन धरून ठेवणारी झाडे तुटली. एकाच लोकसमूहाच्या ठायी शहाणपण आणि घाई ही दोन्ही राहू शकतात.

पहाटे तरुण एकटाच बाहेर पडला. वाळूगाड्या अजून झोपल्या होत्या. वाळू थंड होती. फळी काखेत धरून, दोन पावले पुढे व एक मागे, तो कालच्याच टेकडीवर चढला. माथ्यावर येऊन त्याने खाली पाहिले. काल त्या उतारावर फळ्यांच्या शेकडो खुणा होत्या, गाडीच्या चाकांचे खोल चर होते. रात्रीच्या वाऱ्याने ते सारे जवळजवळ मिटवले होते. त्याच्या सात घसरण्यांतील एकही आता ओळखू येत नव्हती. टेकडीला त्यांचे काही वाटले नव्हते.

सूर्य अँडीजच्या मागून वर आला. एका बाजूला पायथ्याशी तळे दिसत होते. इतक्या उंचीवरून ते ओंजळीत मावेल एवढे भासले. दुसऱ्या बाजूला इका शहर पसरले होते, आणि त्याच्या भोवती दूरवर गेलेली मळ्यांची हिरवी पट्टी. दोन्ही हिरवे रंग एकाच धारेवरून एकाच वेळी दिसत होते. दोहोंचे पाणी एकाच पोटातले होते. त्या मळ्यांत आता मुलीची आई कामाला निघाली असेल, असे त्याच्या मनात आले.

त्याने फळीला मेण लावले. टोकाकडे जास्त लावले. मग पट्ट्यांत पाय अडकवून तो उभा राहिला. भार मागच्या पायावर घेतला आणि अंगाला हिसका न देता फळी सोडली. फळी धावली. एक वळण त्याला साधले, दुसरे अर्धे साधले, तिसऱ्याला तो बसला. परंतु या वेळी कोलांटी झाली नाही.

बसची वेळ होत आली. पाठीवर पिशवी चढवून तो तळ्याच्या काठाने निघाला, तेव्हा ती मुलगी शाळेच्या वेषात पायऱ्यांपाशी वाकून काही करीत होती. पाण्याच्या कडेला खडूने तिने एक आडवी रेघ ओढली. तिच्या वर बोटभर अंतरावर आणखी एक पुसट रेघ होती.

“हे काय?” त्याने विचारले.

“वरची रेघ गेल्या सोमवारची,” ती म्हणाली. “नळाने सोडलेले पाणीही खाली मुरते, काही उन्हाने उडते. किती जाते, ते मी लिहून ठेवते.” तिने वही उघडून दाखवली. तीत सरळ ओळींत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा.

“हे लिहून काय होणार?”

“ते मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “पण काका सांगतात, पूर्वी पाणी वरच्या पायरीपर्यंत होते. किती वर्षांत किती उतरले, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. कोणी लिहिलेच नव्हते.”

तिने वही दप्तरात ठेवली, खडूची पूड हातांवरून झटकली आणि ती शाळेच्या वाटेला लागली. तरुण काही वेळ त्या दोन रेघांकडे पाहत उभा राहिला. मग त्याने आपल्या पिशवीतून प्रवासाची वही काढली. आदल्या मुक्कामांची पाने गावांच्या नावांनी आणि गमतींनी भरलेली होती. नव्या पानावर त्याने गावाचे नाव लिहिले, खाली तारीख लिहिली, आणि तारखेपुढे लिहिले: पाणी एक बोट उतरले.